टोकाची राहिलेली प्रदक्षिणा

उज्जैनच्या माधवनगरात भय्यासाहेब पोतनीसांना विचारल्याशिवाय कुणी नवी स्कूटरसुद्धा दारात उभी करत नसे. नोकरी केली बँकेत, ती पोटासाठी. जीव सगळा पंचांगात. गल्लीत केबल आली तेव्हा केबलवाल्याला त्यांनी शिडीवर तसंच लटकत ठेवलं होतं. "भैया, दो मिनिट रुको, अभी काल ठीक नहीं है," म्हणाले. तो बिचारा वायर तोंडात धरून राहिला. पुढे पोतनीसांच्या घरी चित्र सगळ्यात स्वच्छ दिसायचं, आणि समोरचे शर्माजी ते मुहूर्ताच्या खात्यावर जमा करायचे. खरं कारण एवढंच, की त्या दोन मिनिटांत केबलवाल्याने वायर जरा नीट बघितली होती.

"महाकालाच्या गावात राहायचं आणि काळाला न विचारता काम करायचं? छे!" हे भय्यासाहेबांचं ठरलेलं वाक्य. आणि स्वयंपाकघरातून अहल्याबाईंचं उत्तरही ठरलेलं. "हो तर! ह्यांना शिंक आली तरी आधी चौघडिया बघतात."

सगळ्या गल्लीला मुहूर्त देणाऱ्या या माणसाला एका गोष्टीचा मुहूर्त मात्र जन्मात सापडला नाही. ती गोष्ट म्हणजे बायकोचं माहेर.

अहल्याबाई माहेरच्या दुर्गा. गाव आडवेळ, कोकणात, पार समुद्राला टेकलेलं. दादरच्या कुणा मावशीने हे स्थळ जमवलं आणि पोतनीसांची वरात माळव्यातून निघून आगगाडी, एसटी आणि लाँच असं करत करत आडवेळला पोचली. आठ पिढ्यांपूर्वी शिंद्यांच्या फडावर, म्हणजे कचेरीत, आलेलं घराणं. त्यानंतर कुणी क्षिप्रेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. निम्मी वरात लाँचमध्येच आडवी झाली.

आडवेळला एक रीत आहे. गावाबाहेर समुद्रात घुसलेला काळ्या कातळाचा डोंगर आहे, त्याला सगळे नुसतं 'टोक' म्हणतात. टोकावर आडेश्वराचं देऊळ. देवळामागून कड्याच्या फटीतून पायऱ्या उतरतात, खाली लाटांनी घासलेल्या कातळावरून वाट अख्ख्या टोकाला वळसा घालते आणि पलीकडून परत देवळाशी येते. लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी नवरानवरीने ही प्रदक्षिणा घालायची, तीही लग्नातली गाठ न सोडता. एकाच्या उपरण्याला दुसऱ्याचा पदर, खाली निसरडा कातळ, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. म्हाताऱ्या म्हणायच्या, सात पावलं भटजी चालवतो, खरं लग्न टोक चालवतं.

तर दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून सगळी मंडळी पायऱ्यांच्या तोंडाशी जमली. नवरदेव पुढे झाले, फटीतून खाली बघितलं, आणि मग खिशातून पंचांग काढलं. पानं उलटली. चेहरा गंभीर केला.

"आत्ता राहुकाळ सुरू होतोय. आज नाही."

उज्जैनच्या पंचांगापुढे आडवेळने काय बोलावं? दुपारची लाँच गाठायची होतीच. गाठ सोडली, सामान उचललं, नवरी निघाली. मागून एक आजी म्हणाली, "अर्धीच लागली हो पोर." ते वाक्य अहल्याबाईंच्या कानात गेलं ते गेलं, नंतर बाहेर निघालं नाही.

बाळंतपणांना त्या माहेरी गेल्या, आईवडील गेले तेव्हा गेल्या, पण एकट्या किंवा मुलांना घेऊन. भय्यासाहेबांचं दर वेळी काहीतरी असायचंच. कधी शनी, कधी सिंहस्थ, कधी बँकेत ऑडिट. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, आणि इथे तर लग्न होऊन गेल्यावरही विघ्नं संपेनात. बाई हसून म्हणायच्या, "आमचं काय बाई, अर्धंच लग्न!" गल्लीतल्या बायका हसायच्या. पण आत त्यांना पक्कं ठाऊक होतं की सरदारांच्या फडावरच्या या माणसाला आपलं माहेर कधी आपलं वाटलं नाही. चार माडांचं खेडं, खारट हवा, नाकात मासळीचा वास. नाहीच आवडलं म्हणा ना सरळ! राहुकाळाला कशाला बदनाम करता? हे मात्र त्या कधी मोठ्याने बोलल्या नाहीत.

बोलत नसल्या तरी दर नारळीपौर्णिमेला रामघाटावर जाऊन क्षिप्रेत एक नारळ सोडायच्या. "जा बाबा समुद्राला." पहिली काही वर्षं तो दुसऱ्या पायरीवरच पोरं पळवायची, मग बाई नावेवाल्याला सांगून पार मध्यावर सोडायला लागल्या. एकदा भय्यासाहेब सोबत होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "अहल्या, क्षिप्रा मिळते चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. तुझा नारळ माहेरी नाही, कलकत्त्याला चाललाय."

इतकी वर्षं नारळ कलकत्त्याला! बाई तडक घरी आल्या. मग म्हणाल्या, "माझ्या नारळाला वाट माहीत नाही. तुम्हाला तर माहीत आहे ना? तुम्ही का जात नाही?"

भय्यासाहेबांना त्या दिवशी एकदम देवघरात काहीतरी काम निघालं.

कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षी दिवाळीनंतर धाकट्या भावाचा, बापूचा, फोन आला. "ताई, टोकावरचा सडा, सगळं पठार, मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने घेतला. हॉटेल होणार म्हणे, थंडगार खोल्यांचं. शिमग्यानंतर कुंपण घालतायत. देवळात जाऊ देतील, पण पायऱ्यांचं काही खरं नाही."

अहल्याबाईंनी फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. आता मात्र थट्टा संपली होती. शिमग्याच्या आत टोकाला वळसा पडला नाही, तर अर्धं ते कायमचं अर्धं.

संध्याकाळी पोह्यांवर शेव घालता घालता त्यांनी विषय काढला. ऑडिट नव्हतं, कारण निवृत्ती झाली होती. सिंहस्थ नव्हता. शनीसुद्धा बरा होता. लाँच नाही, गाडी थेट जाते. भय्यासाहेबांचं घोडं अडायला कुठे जागाच उरली नाही. तरी त्यांनी पंचांग काढलंच. बराच वेळ पानं उलटली, ओठांतल्या ओठांत पुटपुटले, आणि म्हणाले, "मार्गशीर्ष पौर्णिमा. दत्तजयंती. दुपारचा अभिजित मुहूर्त. यापेक्षा उत्तम योग नाही."

अहल्याबाईंच्या हातातला चमचा थांबला.

उज्जैनच्या कुठल्याही माणसाने पौर्णिमाच सांगितली असती. इथे सणासुदीला, पौर्णिमेला, अमावास्येला घाटावर झुंबड उडते. क्षिप्रा बिचारी तिथी बघून कमीजास्त होत नाही. पण बाई आडवेळच्या. तिकडे शेंबडं पोरसुद्धा तिथीचा पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतं. पौर्णिमेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकराला भरती, तीही उधाणाची. दुपारी बाराला प्रदक्षिणेच्या वाटेवर पुरुषभर पाणी! आणि हा पाऊणपटाचा हिशोब जावयाला लाँचवर कुणी शिकवला होता? परतताना पोचवायला आलेल्या बाईंच्या वडिलांनीच. शेजारी बसून नव्या नवरीने तो ऐकला होता.

'अस्सं!' बाई मनात म्हणाल्या. 'म्हणजे जायचं, पाणी बघायचं, चुकचुकायचं आणि परत यायचं. सुंठीवाचून खोकला गेला!'

राग आला, पण गंमतही वाटली. कारण महाराजांनी धडा अर्धाच पाठ केला होता. पौर्णिमेला पाणी चढतं जास्त, तसं उतरतंही जास्त. त्या संध्याकाळी वाट जशी मोकळी पडते तशी महिनाभरात पडत नाही. बाईंनी शेव परत पोह्यांवर सोडली.

"दत्तजयंती? वा! बिलकुल ठीक. तुम्ही म्हणाल तसं."

एवढ्या पटकन होकार आला की भय्यासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. बायको शेव पेरत होती. मग बाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर परतीची तिकिटं पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची काढायला लावली. दुसरं, बापूला पीसीओवरून फोन केला आणि बराच वेळ हसल्या.

प्रवासाला निघताना भय्यासाहेबांनी रतलामी शेव, क्षिप्रेच्या पाण्याची बाटली, पंचांग आणि लोकरी मफलर घेतला. "कोकणात थंडी नसते हो," बाई म्हणाल्या. "समुद्राचं काय सांगावं," ते म्हणाले.

पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला बापूसह तिघं देवळाशी पोचले. भय्यासाहेब पांढऱ्या धोतरात, कपाळाला गंध, हातात पूजेचं ताट. नमस्कार झाला. आडेश्वराला क्षिप्रेचं पाणी घातलं. मग मंडळी देवळाला वळसा घालून मागे निघाली. अजून भिंत संपली नव्हती, पायऱ्या दिसत नव्हत्या, समुद्राचा एक थेंब दिसत नव्हता, आणि भय्यासाहेब उद्गारले,

"अरेरे! पाणी भरलंय की!"

बापू खोकला. त्याला तोंड फिरवावं लागलं.

"कुठे हो?" अहल्याबाईंनी गोड आवाजात विचारलं. "मला तर अजून नुसती भिंतच दिसून राहिली आहे."

भय्यासाहेब कानापर्यंत लाल झाले. "आवाज... आवाजावरून वाटलं."

आवाज होता खरा. चार पावलं पुढे गेल्यावर फट दिसली. खालच्या पायऱ्या पाण्यात बुडाल्या होत्या. लाट कड्याच्या पोटात शिरायची, आत कुठेतरी धाडकन आपटायची आणि फटीतून फेस उसळून वर यायचा. पायाखालचा कातळ हलकासा थरथरायचा. भय्यासाहेब दोन पावलं मागे सरले आणि लांब चेहरा करून म्हणाले, "काय करणार! देवाची इच्छा. योग नव्हता."

"चला, जेवून घेऊ," बाई म्हणाल्या. "आमसुलाचं सार केलंय. पाणी उतरलं की परत येऊ."

"परत? कधी?"

"संध्याकाळी. उधाणाची ओहोटीही उधाणाची असते हो. बाबांनी लाँचवर सांगितलं होतं ना? पण ते ओहोटीपर्यंत यायच्या आत तुम्ही उलटी करायला उठून गेलात."

भय्यासाहेबांनी खिशातलं पंचांग चाचपलं. शेराला सव्वाशेर मिळाला होता, आणि तोही घरातलाच. "पण मुहूर्त..."

"मुहूर्त मी काढलाय."

जेवण त्यांना गोड लागलं नाही. पोट जड झालं म्हणाले, ओवा दिला. बीपी वाढलं म्हणाले, झोपवलं. एसटी कधी आहे विचारलं, तर बापू म्हणाला, "आता उद्या सकाळी, भाऊजी." ऊन कलल्यावर बाईंनी नऊवारी काढलं, कासोटा आवळला, हातात नारळ घेतला. उज्जैनमध्ये जिना चढताना गुडघा धरणारी बाई अंगणातून अशी निघाली की बापू बघत राहिला. "ताई, मी येऊ?" "नको. दोघांचंच काम आहे."

पायऱ्यांच्या तोंडाशी आता वेगळंच जग होतं. पाणी कुठल्या कुठे मागे गेलं होतं. दुपारी जिथे फेस होता तिथे काळाभोर कातळ उघडा पडला होता, ओला, उन्हात चकाकणारा. लाटांनी त्याला जाळीदार करून टाकलं होतं, अनारश्यासारखं. खळग्यांतून पाणी साठलेलं, त्यात खेकडे तिरके पळत होते. कड्यावर कंपनीने चुन्याची पांढरी रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेकडे न बघता बाई चार पायऱ्या उतरल्या आणि मागे वळल्या.

भय्यासाहेब वरच उभे होते.

"अहल्या, चप्पल घसरते माझी."

"काढून ठेवा."

"दगड बोचतात."

"मग घाला."

"तिन्हीसांजेला प्रदक्षिणा घालत नाहीत. शास्त्रात..."

नाचता येईना अंगण वाकडं! बाईंचं डोकं सटकलं. इतक्या वर्षांत जे कधी बोलल्या नव्हत्या ते त्या भर पायऱ्यांवर बोलल्या, आणि लाटांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ओरडूनच बोलल्या.

"पुरे झालं शास्त्र! सरळ सांगा ना, माझं माहेर तुम्हाला कधी आपलं वाटलंच नाही! त्या दिवशी सगळ्या गावासमोर मला अर्धी ठेवून नेलंत. माझ्या आईने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, ठाऊक आहे? आम्ही खेडवळ, तुम्ही सरदारांकडचे! जा, बसा देवळात. मी एकटीच जाते. अर्धी तर अर्धी!"

त्या वळल्या. आणखी दोन पायऱ्या उतरल्या. वरून काहीतरी आवाज आला, पण लाटेत बुडाला.

"काय?"

"भीती वाटते म्हटलं!" भय्यासाहेब ओरडले.

बाई थांबल्या.

भय्यासाहेब एका हाताने कडा धरून उभे होते. गंध घामाने ओघळलं होतं. "माहेराचं नाव काढू नकोस. माहेर चांगलं आहे तुझं. सार तर फारच चांगलं होतं. पण ते... ते हलतं, अहल्या. सारखं हलतं. त्या दिवशी खाली बघितलं आणि पाय गेले माझे. तुझे भाऊ, मामा, पोरंसोरं, सगळे धडाधड उतरून राहिले होते, आणि मी नवरदेव! काय सांगणार होतो? खिशात पंचांग होतं, ते काढलं. राहुकाळ संपून घटका उलटली होती."

अहल्याबाईंना आधी हसू आलं. शनी, सिंहस्थ, ऑडिट, सगळे ग्रह ओळीने डोळ्यांपुढून गेले आणि त्यांना हसू आवरेना. मग त्या हसता हसता रडायला लागल्या. वेड्या माणसा! एवढंच होतं? एवढंच सांगायचं होतं? त्या वर चढून आल्या आणि पदराने त्यांचं कपाळ पुसलं.

"मग मी आता काय म्हणते ते ऐका. नाही जायचं तर नाही जाऊ. मला कळलं, पुष्कळ झालं. चला, घरी जाऊ."

हे त्या मनापासून बोलल्या. वळून निघाल्यासुद्धा. पण त्यांच्या पदराला ओढ बसली. बघतात तर भय्यासाहेबांनी गळ्यातला मफलर काढला होता आणि त्याचं टोक पदराला बांधत होते. गाठ काय, दुहेरी, तिहेरी, होल्डॉल बांधावा तशी. दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधलं, त्यालाही गाठीवर गाठ.

"तू पुढे हो," ते म्हणाले. "मी पडलो तर ओढ. आणि बघ, हसायचं नाही."

"नाही हसत," असं म्हणून बाई हसल्या.

ती प्रदक्षिणा आडवेळच्या इतिहासात सगळ्यात हळू झाली असेल. भय्यासाहेब कड्याकडे तोंड करून, बोटं जाळीत खुपसून, खेकड्यासारखे तिरके चालत होते. "दुर्गा, डावा की उजवा?" "डावा." आपल्याला आज दुर्गा म्हणतायत हे बाईंच्या लक्षात आलं, पण त्या काही बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर ते थांबले असते. टोकाच्या अगदी नाकावर एक लाट जरा पुढे आली आणि दोघांना कमरेच्या वर भिजवून गेली. "जय महाकाल!" भय्यासाहेबांनी अशी आरोळी ठोकली की कपारीतले बगळे उडाले. पाणी उतरलं. आपण अजून उभे आहोत हे त्यांनी खाली बघून खात्री करून घेतलं. मग पहिल्यांदाच मान वळवून समोर बघितलं.

समोर नुसतं पाणी, आणि पाण्यावर टेकलेला सूर्य.

"मोठा आहे समुद्र," भय्यासाहेब म्हणाले.

"हो."

"फार वर्षं घालवली मी."

बाईंनी नारळ त्यांच्या हातात दिला. दोघांनी मिळून तो पाण्यात सोडला. लाटेने तो एकदा परत आणून दिला, मग नेला. "हा मात्र नाही हं कलकत्त्याला जायचा," बाई म्हणाल्या. भय्यासाहेब हसले, कडा न सोडता.

पलीकडच्या पायऱ्या चढून वर आले तेव्हा पूर्वेला चंद्र उगवला होता. बापू देवळाच्या पारावर कंदील घेऊन बसला होता; दोघांना बांधलेलं बघून तो आदबीने उठून उभा राहिला. बाईंना ते बघून एकदम लाजल्यासारखं झालं. त्या पारावर बसल्या आणि मफलरची गाठ सोडायला लागल्या. ओली गाठ, घट्ट बसलेली, सुटता सुटेना.

भय्यासाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. पंचांग खिशातच होतं, भिजून लगदा झालेलं. ते त्यांनी काढलं नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "सोडायला आज मुहूर्त नाही."